दुसऱ्या रिमोटला ‘स्टार्ट’ बटण का नव्हतं? टीव्ही व्हिडिओ गेमच्या रिमोटमधल्या विचित्र गोष्टी आणि त्यांची कारणं

नागपूरचा मे महिना. पारा ४५ च्या आसपास. रस्त्यावर चिटपाखरू नाही. खिडकीत कुलर घोंघावतोय आणि त्याच्यासमोर फरशीवर बहीण-भाऊ मांडी घालून बसलेत. टीव्हीवर ‘कॉन्ट्रा’ सुरू आहे. मोठ्याच्या हातात एक नंबरचा रिमोट, धाकटीच्या हातात दोन नंबरचा.

धाकटीला पाणी प्यायला उठायचंय. पण तिला गेम थांबवता येत नाही, कारण तिच्या रिमोटवर ‘स्टार्ट’चं बटणच नाही.

‘दादा, थांबव ना.’

दादा थांबवत नाही.

आमच्या घरी ती धाकटी म्हणजे मी. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना माळ्यावरून ते जुनं खोकं खाली आलं आणि तो जुना राग पण परत आला. इतकी वर्षं मला वाटायचं, आपला गेम स्वस्तातला होता म्हणून बटण गायब असेल. पण खोलात गेल्यावर कळलं की त्या बटणाच्या नसण्यामागे एक ठोस कारण होतं. फक्त ते कारण जपानमध्येच राहिलं आणि आपल्यापर्यंत नुसता रिमोट आला.

त्या रिमोटमधल्या बहुतेक विचित्र गोष्टींचं असंच आहे. एकेक करून बघू.

आधी हे मशीन नेमकं कोणतं?

१५ जुलै १९८३ ला जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचं मशीन बाजारात आणलं. लोक त्याला ‘फॅमिकॉम’ म्हणायचे. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या टीमने ते बनवलं होतं आणि किंमत होती १४,८०० येन. १९८५ मध्ये हेच मशीन वेगळ्या डब्यात घालून अमेरिकेत ‘एनईएस’ या नावाने विकायला सुरुवात झाली.

ते इतकं गाजलं की तैवान आणि चीनमध्ये त्याच्या ढीगभर नकला तयार झाल्या. पुढे पुढे तर सगळ्या चिप्सचं काम एकाच चिपमध्ये बसवता आलं आणि नक्कल अजूनच स्वस्त झाली. या नकलांना जगभर ‘फॅमिक्लोन’ म्हणतात.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही भारतातल्या बहुतेक घरांत जो ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ आला, तो यातलाच. लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं अनेकांना आठवत असतील. कॅसेट घालायची, टीव्हीला वायर जोडायची आणि मारिओ सुरू.

आणि हो, आपण त्याच्या कंट्रोलरला ‘रिमोट’ म्हणायचो, जरी त्याला चांगली लांब वायर होती. काही जण ‘जॉयस्टिक’ म्हणायचे, जरी त्यात स्टिक नव्हती. ती स्टिक कुठे गेली, तिथूनच सुरुवात करू.

दांडी जाऊन ‘प्लस’ का आला?

१९७७ च्या अटारीच्या मशीनला खरोखरची जॉयस्टिक होती. एक उभी दांडी आणि एक लाल बटण. मग ही दांडी गेली कुठे?

उत्तर आहे खिशात मावणाऱ्या एका गेममध्ये. निन्टेन्डो ‘गेम अँड वॉच’ नावाचे छोटे हातातले गेम बनवायची. १९८२ मध्ये त्यात ‘डाँकी काँग’ आला. तो दोन स्क्रीनचा होता आणि डबीसारखा मिटायचा. आता मिटणाऱ्या डबीत उभी दांडी कशी बसवणार? गुनपेई योकोई या डिझायनरने त्यावर उपाय काढला, तो म्हणजे अधिकच्या चिन्हासारखं एक चपटं बटण. वर्षभरात तेच बटण फॅमिकॉमच्या रिमोटवर आलं.

हे दिसायला एक बटण असलं तरी खाली चार जोडण्या असतात. मधोमध एक उंचवटा असतो आणि त्यावर हा प्लस सी-सॉसारखा डोलतो. डावीकडे दाबलं की उजवी बाजू वर उचलली जाते. म्हणजे डावं आणि उजवं एकाच वेळी दाबताच येत नाही. गेम बनवणारे हे गृहीतच धरायचे.

नकली रिमोटमध्ये मात्र हा मधला उंचवटा कमी पडायचा किंवा घासून जायचा. मग जोरात अंगठा दाबला की अख्खा प्लस खाली बसायचा आणि डावं-उजवं दोन्ही लागायचं. मारिओ ऐन खड्ड्याजवळ भलतीकडेच गेला तर दर वेळी चूक तुमचीच असेल असं नाही.

निन्टेन्डोने या प्लसचं पेटंट घेतलं होतं. त्यामुळे इतर कंपन्यांची बटणं वेगळी दिसतात. सेगाने गोल चकती वापरली, तर सोनीने प्लेस्टेशनवर वरून चार सुटे तुकडे दिसतील अशी रचना केली. नक्कल करणाऱ्यांना पेटंटची फिकीर नव्हती. त्यामुळे आपल्याकडे थेट प्लसच आला.

दुसऱ्या रिमोटची ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ बटणं कुठे गेली?

आता मूळ मुद्दा. जपानी फॅमिकॉमचे दोन्ही रिमोट मशीनला कायमचे जोडलेले होते, काढता यायचे नाहीत. प्लग आणि सॉकेटचा खर्च वाचवणं हा त्यामागचा हिशेब. म्हणजेच एक नंबरचा रिमोट कायम असणारच, हे नक्की होतं. मग गेम सुरू करायची आणि थांबवायची बटणं दोन्हीकडे कशाला?

दुसऱ्या रिमोटवर त्या जागी निन्टेन्डोने चक्क मायक्रोफोन बसवला. शेजारी आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी. माईकमध्ये बोललं की तुमचा आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून यायचा.

मोजक्याच गेम्सनी या माईकचा वापर केला. सगळ्यात भारी उदाहरण १९८६ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’चं. त्यात ‘पोल्स व्हॉइस’ नावाचा मोठ्या कानांचा एक शत्रू आहे. जपानी मशीनवर माईकमध्ये ओरडलं की तो मरायचा.

पुढे हा गेम अमेरिकेत गेला. तिथल्या मशीनच्या रिमोटला माईक नव्हता. पण सोबतच्या पुस्तिकेत या प्राण्याला मोठा आवाज सहन होत नाही, ही माहिती तशीच राहिली. आता मुलं आवाज काढणार कशाने? गेममधली बासरी वाजवून बघितली तरी काही होत नव्हतं. तिथे त्याला बाणाने मारायचं होतं.

म्हणजे कारण मागे राहिलं आणि खूण तेवढी पुढे गेली, असं खुद्द कंपनीच्या हातूनही झालं.

आपल्याकडे याच्या उलटं झालं. बऱ्याच फॅमिक्लोननी दुसरा रिमोट जपानी रचनेवरून उचलला, पण पैसे वाचवायला माईक काढून टाकला. स्टार्ट आणि सिलेक्ट मात्र परत बसवलं नाही. राहिला तो अर्धा रिमोट. काही नकलांमध्ये दोन्ही रिमोट सारखे दिसायचे, पण गेमच मुळात एक नंबरच्या ‘स्टार्ट’कडे बघायचा असेल तर दुसरं दाबून उपयोग शून्य.

आता ‘कॉन्ट्रा’चा तो प्रसिद्ध कोड आठवा. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी हा कोड आधी १९८६ च्या ‘ग्रेडियस’मध्ये टाकला होता, कारण चाचणी करताना तो गेम त्यांनाच जड जात होता. ‘कॉन्ट्रा’त या कोडने ३० जीव मिळायचे. दोघांनी खेळायचं तर शेवटी सिलेक्ट दाबून मग स्टार्ट.

हे सगळं एक नंबरच्या रिमोटवर. म्हणजे गेम थांबवायचा की नाही हे तर दादा ठरवायचाच, पण मला ३ जीव की ३० हेही त्याच्याच हातात होतं.

आठ बटणं, तारा मात्र पाच. कसं काय?

रिमोटवर मूळची बटणं आठ: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट आणि प्लसच्या चार दिशा. प्रत्येकाला वेगळी तार दिली असती तर वायर जाड आणि महाग झाली असती. मूळ रिमोटचं काम पाच तारांत भागतं. दोन तारा विजेच्या. एका तारेवरून मशीन रिमोटला सांगतं, ‘आत्ताची स्थिती पकडून ठेव.’ दुसऱ्या तारेवरून एकेक ठोका देत विचारतं, ‘पुढचं बटण?’ आणि उरलेल्या एकाच तारेवरून आठ उत्तरं ओळीने येतात. शाळेत हजेरी घेतात तसं. नंबरही ठरलेले असतात, आधी ए, मग बी, मग सिलेक्ट, स्टार्ट आणि शेवटी चार दिशा.

ही हजेरी साधारणपणे टीव्हीवरच्या दर चित्रामागे एकदा घेतली जाते. जपान-अमेरिकेत सेकंदाला सुमारे ६० वेळा. आपल्याकडची टीव्ही पद्धत वेगळी असल्यामुळे तिच्यासाठी बनवलेल्या मशीनमध्ये ५० वेळा.

याचा व्यवहारात उपयोग काय? रिमोट बिघडला तर दोष लगेच ओळखता येतो. एकच बटण चालत नसेल तर गडबड त्या बटणाखाली आहे. सगळीच बटणं एकदम मेली असतील तर बहुतेक वायर तुटलीय, कारण आठही उत्तरं एकाच तारेवरून येतात. आणि वायर सहसा तुटते ती रिमोटमधून बाहेर पडते त्या वळणावर, कारण आपण खेळून झाल्यावर ती रिमोटलाच गुंडाळून ठेवायचो.

टर्बो बटण खरंच फायद्याचं होतं?

आपल्या रिमोटवर ए-बी च्या वर आणखी दोन बटणं असायची, टर्बोची. मूळ फॅमिकॉमच्या रिमोटवर ती नव्हती. म्हणजे नक्कल इथे मूळ वस्तूच्या एक पाऊल पुढे होती.

टर्बो दाबून धरलं की रिमोटमधलं सर्किट तेच बटण स्वतःहून दाब-सोड, दाब-सोड करत राहतं. जपानमध्ये हे हाताने करणारा एक स्टार होता. हडसन कंपनीचे तोशियुकी ताकाहाशी सेकंदाला १६ वेळा बटण दाबण्यासाठी प्रसिद्ध होते. मुलं त्यांना ‘ताकाहाशी मेइजिन’ म्हणजे ताकाहाशी उस्ताद म्हणायची. जी गोष्ट त्यांनी सरावाने कमावली, ती आपल्या रिमोटमध्ये फुकटात मिळत होती.

पण टर्बो सगळीकडे चालत नाही. ‘सुपर मारिओ’त बटण जितका वेळ दाबून धराल तितकी उडी उंच जाते. टर्बो मध्येच बटण सोडतो, त्यामुळे मारिओ नुसत्या बुटक्या उड्या मारतो. पळण्यासाठीही बी धरूनच ठेवावं लागतं. ‘कॉन्ट्रा’त गोळ्या झाडायला मात्र टर्बोला तोड नाही.

याच कल्पनेचा एक गमतीदार भाऊ पण आहे. निन्टेन्डोच्या ‘एनईएस ॲडव्हान्टेज’ या मोठ्या जॉयस्टिकवर ‘स्लो’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की गेम संथ व्हायचा. जादू वगैरे काही नाही. ते बटण ‘स्टार्ट’लाच टर्बो लावायचं. गेम थांबव, सुरू कर, थांबव, सुरू कर. ज्या गेममध्ये स्टार्टने गेम थांबत नाही, तिथे स्लो पण चालणार नाही.

नुसतीच दिसायला असलेली बटणं

१९९४ ला प्लेस्टेशन आलं आणि नक्कल करणाऱ्यांना नवा डबा मिळाला. आत तोच १९८३ चा गेम, बाहेरून प्लेस्टेशनसारखा देखावा. ‘पॉलिस्टेशन’ हे नाव अनेकांनी दुकानात वाचलं असेल. रिमोटही तसाच, दोन मुठींचा आणि वरच्या कडेला खांद्याची बटणं असलेला.

पण आतल्या मशीनला समजतात आठच बटणं. हजेरीत नववा नंबरच नाही. मग जास्तीची बटणं एक तर ए-बी चीच दुसरी प्रत असायची, नाहीतर त्यांच्या मागे काहीच नसायचं. प्लास्टिक दाबलं जायचं, बस्स.

घरी सांगायचं, ‘कॉम्प्युटर आहे’

रिमोटचाच एक चुलतभाऊ म्हणजे कीबोर्डवाला गेम. आई-बाबांना ‘अभ्यासाला उपयोगी पडेल’ असं सांगून कित्येक घरांत तो आला. ही शुद्ध थाप होती का? पूर्ण नाही. निन्टेन्डोने स्वतः १९८४ मध्ये जपानमध्ये ‘फॅमिली बेसिक’ नावाचा कीबोर्ड काढला होता आणि त्यावर बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहिता यायचे. पुढे चिनी कंपन्यांनी ही कल्पना उचलली आणि कीबोर्डच्या पोटातच अख्खं मशीन बसवलं. त्यातल्या काहींमध्ये बेसिक खरंच चालायचं. अडचण एवढीच की ते शिकवणारं घरी कुणी नसायचं. मग टायपिंगचा एखादा गेम आणि परत मारिओ.

बंदुकीला कसं कळायचं की बदक लागलं?

‘डक हंट’ची बंदूक म्हणजे या सगळ्यातला सगळ्यात हुशार तुकडा. आपल्याला वाटायचं बंदुकीतून काहीतरी निघतं आणि टीव्हीवर जाऊन लागतं. प्रत्यक्षात बंदुकीतून काहीही निघत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. म्हणजे ती झाडत नाही, बघते.

तुम्ही घोडा दाबला की क्षणभर स्क्रीन काळी होते. पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नेम बरोबर असेल तर सेन्सरला आधी अंधार आणि मग उजेड दिसतो. दोन बदकं असतील तर चौकोनही एकामागून एक येतात आणि कोणत्या चित्राच्या वेळी उजेड दिसला त्यावरून मशीन ओळखतं की कोणतं बदक पडलं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, म्हणून आपल्याला फक्त एक झटका दिसायचा.

आधी अंधार का? कारण नाहीतर बंदूक ट्यूबलाइटकडे रोखून प्रत्येक बदक मारता आलं असतं.

पण यातच एक वाईट बातमी आहे. ही बंदूक आजच्या एलईडी टीव्हीवर चालत नाही. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही सिग्नल येईल तसा लगेच चित्र रंगवायचा. नवा टीव्ही आधी चित्रावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो. उशीर सेकंदाच्या अगदी छोट्या भागाचा असतो, पण मशीन तेवढ्यातच उजेड शोधून मोकळं झालेलं असतं. तुमचा नेम कितीही बरोबर असो, बदक उडून जाणार आणि तो कुत्रा हसणार.

म्हणजे रिमोट सांभाळून ठेवला तर तो पुढेही चालेल. बंदूक मात्र डब्बा टीव्हीसोबतच संपते. आणि डब्बा टीव्ही तर आपण कधीच भंगारात दिलेत.

तुमच्याकडे असा रिमोट पडला असेल तर काय कराल?

लगेच फेकू नका. एखादं बटण मेलं असेल तर मागचे स्क्रू काढून रिमोट उघडा. रबराच्या पत्र्यावर प्रत्येक बटणाखाली एक काळी टिकली दिसेल. ती कार्बनची असते आणि सर्किटला टेकली की जोडणी पूर्ण होते. टीव्हीच्या रिमोटमध्येही हेच असतं. सर्किटची जागा आणि टिकली कापसावर थोडं स्पिरिट घेऊन हलक्या हाताने पुसा. बरेचदा एवढ्यानेच काम होतं.

मशीनला पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर असेल आणि टीव्हीला तशी जागा असेल तर गेम एलईडीवरही दिसेल.

जुना डब्बा टीव्ही मात्र स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही त्यात जोरदार व्होल्टेज शिल्लक असू शकतं. त्याच्या काचेत शिसं असतं, त्यामुळे तो फोडून कचऱ्यात टाकण्यापेक्षा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

जाता जाता, धाकट्यांसाठी एक बातमी

‘डक हंट’मध्ये एका बदकाचा जो प्रकार आहे, त्यात बंदूक नसलेला माणूस रिमोटच्या प्लसने बदक स्वतः उडवू शकतो. हे मूळ गेमच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. पण आपल्याकडे एका कॅसेटमध्ये ढीगभर गेम यायचे आणि पुस्तिका एकाचीही यायची नाही. म्हणून दादा बदकं मारायचा आणि मी शेजारी नुसती आपली पाळी येण्याची वाट बघत बसायची, तेव्हा रिमोट तिथेच पडलेला असायचा. माझ्या हाताशी.

दिवाळीत त्या रिमोटचं ‘ए’ बटण आम्ही दोघांनी मिळून साफ केलं आणि मारिओ पुन्हा उडी मारायला लागला. बदकाची गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही. आधी नातेवाइकांमध्ये कुणाकडे चालू डब्बा टीव्ही शिल्लक आहे का, ते शोधतेय.